कुलूप गावाचं, किल्ली माझ्याकडे

५ सप्टेंबर, शुक्र.

शिक्षक दिन. प्रज्ञाने माझी जांभळी साडी नेसून दुसरीच्या वर्गाला पाढे शिकवले. चौथीतली पोर, पदर सावरता सावरता बेजार. घरी येऊन म्हणाली, "आई, मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. दिवसभर आम्हीच शिक्षक." त्यात नवीन काय? आमच्या जि.प. शाळेत जूनपासून रोजच शिक्षक दिन आहे. सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. पाच वर्ग, एक मॅडम, आणि त्यांनाही सारखं अहमदपूरला बोलावणं.

आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. मागच्या वर्षी पालकांनी ठरवलं, या खेपेला बाई करू, बरं दिसतं. इतरांच्या घरून नको म्हणाले. मी शिलाई करते, दिवसभर मशीनवर सापडते. सापडले.

६ सप्टें., शनि.

समितीची मीटिंग झाली म्हणे. म्हणे, कारण झाली मारुतीच्या पारावर. पारावर बाया चढत नाहीत, आणि आमच्या बुद्धवाड्यातल्या तर पारासमोरच्या लिंबाच्या पलीकडेही जात नाहीत. सभा शाळेत घ्या असं मी दोनदा सांगून पाहिलं. बालाजीराव म्हणाले, "शाळेत कुठं टेकावं? पारावर बरं पडतंय, वारं लागतंय." हे समितीचे उपाध्यक्ष. सोयाबीन मोठं, आवाज त्याहून मोठा. पुढे नुसतं बा.रा. लिहीन, पूर्ण नाव रोज लिहायची मला हौस नाही.

काय ठरलं ते आमच्या ह्यांनी सांगितलं. हे अहमदपूरच्या लाइनीवर जीप चालवतात, गावची बातमी आधी जीपमध्ये बसते. सोमवारी शाळेला कुलूप. शिक्षक आल्याशिवाय काढायचं नाही.

राग याचा आला की मला ते पटलं. विचारलं असतं तर मीच हो म्हणाले असते.

८ सप्टें., सोम.

कुलूप लागलं. माझ्या हाताने.

बा.रा. यांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं भलंमोठं कुलूप आणलं होतं. गेटपाशी सगळे मोबाइल वर धरून उभे. ऐन वेळी म्हणतात, "अध्यक्षबाई, या पुढं. मान तुमचा हाय." मान कसला, उद्या पोलीस आले तर मानगूट माझी. पण मागे सगळी लेकरं उभी, प्रज्ञा पुढेच. लावलं. घोषणा झाल्या. व्हिडिओत किल्ली फिरवणारा हात माझाच दिसणार.

मॅडम बाहेर पर्स छातीशी धरून उभ्या. मी जवळ गेले. "मॅडम, तुमच्यावर राग न्हाई." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे हो ताई. वरती साहेब लोक रिपोर्ट तसा वाचत नाहीत."

किल्ली पण माझ्याकडेच. मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत ठेवली.

९ सप्टें., मंगळ.

लेकरं गेटसमोर झाडाखाली बसली. मॅडमनी बाहेरच शिकवलं. गाव खूश. पेपरवाला येऊन फोटो काढून गेला.

दुपारी खिचडी नाही. धुरपताबाई खिचडी शिजवते, तिची भांडी आणि तांदूळ दोन्ही आत. कुणाच्या हे ध्यानातच आलं नाही. बारा वाजता लेकरं घरी गेली. कुणाच्या घरी चूल पेटलेली होती आणि कुणाची आई रोजाने निंदायला गेली होती, ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे दोन पोरं जेवली. प्रज्ञाने आपल्या ताटातलं दिलं आणि मग संध्याकाळपर्यंत भूक भूक करत बसली.

११ सप्टें., गुरु.

सकाळी हॉर्न. पिवळी व्हॅन. अहमदपूरच्या इंग्रजी शाळेची. आत्तापर्यंत फाट्यावर थांबायची, आता थेट वेशीत आली. वास लागतो यांना. वरच्या गल्लीतली तीन पोरं चढली. तिन्ही पोरगेच.

झाडाखालची रांग आखडली. मॅडमनी हजेरी घेतली.

१२ सप्टें., शुक्र.

आज जे झालं ते इथेच लिहिते. दुसरीकडे बोलायची सोय नाही.

सुनंदाताई आल्या. बा.रा. यांच्या मालकीण. माझ्याकडे ब्लाउज शिवतात, आठ-नऊ वर्षं झाली. माप घेऊ देतात, चहा घेत नाहीत. हल्ली मी विचारतही नाही. आज पिशवीतून ब्लाउजपीस निघालं नाही. गडद निळी पँट निघाली, नवी कोरी. पट्टीला त्या व्हॅनवाल्या शाळेचा बिल्ला. "ओमकारला लांब होतीय. सोमवारपर्यंत टीप मारून द्या."

मी पँट हातात धरून तशीच बसले. ओमकार म्हणजे त्यांचा मुलगा, आमच्या प्रज्ञाच्याच वर्गातला. बाप गेटवर मूठ आवळून ओरडतो, शिक्षक मिळाल्याशिवाय माघार नाही. आणि पोराची पँट माझ्या मांडीवर.

"आणि गौरी?" मी विचारलं. गौरी धाकटी, दुसरीत.

"तिला कशाला? पोरीची जात. ती हितंच." थोडं थांबून, "हे तसं म्हणत्यात."

"हितं म्हणजे कुठं, ताई? कुलपाच्या बाहीर?"

त्या पदराशी चाळा करत राहिल्या. म्हणाल्या, "कामून इचारून राहिलाव? मला तरी कोण इचारतंय? मी पँट आणली म्हणून कुणाला बोलू नका."

नाही बोलणार म्हटलं.

१३ सप्टें., शनि.

टीप मारली. धागा निळ्याला निळाच लावला, काम वाईट करणं मला जमत नाही. पण मशीन चालवताना इतका संताप आला की सुई मोडली.

हिशोब साधा आहे. पोरगे व्हॅनने जाणार. मागे राहणार पोरी, आणि आमच्या वाड्यातली सगळी. पट घसरला की शाळा ओढ्यापलीकडच्या गावात जोडणार. ओढ्यापलीकडे प्रज्ञाला कोण पाठवणार? सासूबाई आत्ताच म्हणतात, "चौथी झाली की बास, लई झालं." माझी बारावी झाली ती वडिलांनी भांडून केली. प्रज्ञासाठी मला भांडायला हवं, तर मी कुलूप लावून बसलेय.

ह्यांना म्हटलं, उघडते. हे भाकरी मोडता मोडता थांबले. "गावानं लावलेलं कुलूप तू एकटी काढणार? उद्या जीपमधी कोण बसंल?" मी म्हटलं, लावलं पण एकटीनेच होतं. त्यावर बोलणं संपलं. जेवण पण.

१५ सप्टें., सोम.

केंद्रप्रमुख आले. दहा-बारा शाळा बघतात, दमलेला माणूस. मोटारसायकल लावून सरळ माझ्या दारात.

"ताई, बंद शाळेला शिक्षक कोण देईल? मुलं दिसली पाहिजेत. पट आणखी घसरला तर मी काही करू शकत नाही."

मी म्हटलं, "जूनपासून उघडी होती की. तवा कुणी दिला?"

पाणी मागितलं त्यांनी. पिऊन झाल्यावर म्हणाले, "शाळा सुरू करा. शेजारच्या शाळेतले एक सर आठवड्यातले तीन दिवस देतो. पुढचं पुढे बघू." लिहून द्या म्हटलं तर हसले.

संध्याकाळी लिंब ओलांडून पारापाशी गेले. खाली उभं राहून वरच्या लोकांशी बोलायचं म्हणजे मान दुखते. सांगितलं सगळं. बा.रा. म्हणाले, "तीन दिवसांचा मास्तर? भीक हाय का ही? कुलूप गावाचं हाय, अध्यक्षबाई. तुमच्या एकटीचं न्हाई."

जिभेवर होतं. अगदी टोकावर. सकाळीच ओमकार व्हॅनमध्ये चढताना सगळ्या गल्लीने पाहिला होता, पण पारावर एकाच्या तोंडातून शब्द नाही. मी पण गप्प. सुनंदाताईंना दिलेला शब्द.

तेवढ्यात सरपंच म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. परवा सतरा तारीख हाय. झेंडा कुठं लावायचा?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा. खांब शाळेत. इतक्या शहाण्या माणसांनी मिळून कुलूप लावलं आणि एकाच्याही डोक्यात सतरा सप्टेंबर आला नाही. तसं पाहिलं तर माझ्याही.

बा.रा. यांना सुचलंच. "झेंड्यापुरतं उघडू. झालं की परत लावू."

१६ सप्टें., मंगळ.

तयार ब्लाउज घरोघर देऊन आले. एरवी बाया न्यायला येतात. प्रत्येकीला एकच सांगितलं. उद्या झेंड्याला लेकरांबरोबर तुम्ही पण या. झेंडा झाला की उठू नका. वर्गात बसायचं, समितीची सभा आहे, अध्यक्षाने बोलावलीय.

कुणी म्हणाली येते. कुणी म्हणाली घरी विचारते. धुरपताबाई म्हणाली, "मी तर येतेच. माझी पातेली आत सडून ऱ्हायलीत."

सुनंदाताईंच्या अंगणात बा.रा. बसलेले. मी ब्लाउज दिला, सभेचं सांगितलं, त्यांच्यासमोरच. त्यांनी पेपर खाली केला नाही. सुनंदाताई म्हणाल्या, "बाही बरी बसलीय." एवढंच.

किल्ली डबीतून काढून मंगळसूत्रात ओवली. ह्यांनी पाहिलं. सकाळी जीप काढणार नाही म्हणाले. बघू.

१७ सप्टें., बुध.

उघडलं. कुलूप पावसाने घट्ट झालेलं, हिसका द्यावा लागला. आत गवत घोट्यापर्यंत. झेंडा झाला, लेकरांनी घोषणा दिल्या, चॉकलेटं वाटली. ओमकार निळ्या पँटमध्ये बापाशेजारी. पँट नीट बसलीय.

मग बा.रा. यांनी कुलूप माझ्यापुढे धरलं. "लावा."

मी म्हटलं, "आता सभा हाय. वर्गात." आणि वळून चालायला लागले. पाठीला डोळे नसतात ते बरं. मागे कुणी येतंय का, कळेना. वर्गात गेले, सतरंजीवरची धूळ झटकली, बसले. धुरपताबाई आली. मग आमच्या वाड्यातल्या. मग वरच्या गल्लीतली एक, मग दोघी, तोंडाला पदर. लेकरं मधे मधे घुसली. मॅडम दारात उभ्या, आत यावं की नाही करत.

गेटवर पुरुष. आमचे हे त्यांच्यातच उभे होते, पण जरा बाजूला. बा.रा. खिडकीतून ओरडले, "हे काय चालवलंय? बाया घरी जातील का न्हाई?" पुन्हा जिभेवर आलं. पोराची पँट कुणी टाचली ते सांगू का, भाऊ? सगळ्यांसमोर? दात आवळून बसले.

आणि तेव्हा सुनंदाताई आत आल्या. गौरीचा हात धरलेला. नवऱ्याच्या समोरून आल्या. बसायला जागा नव्हती तर मीच सरकले. त्या माझ्या बाजूला टेकल्या, गौरीला मांडीवर घेतलं, आणि खिडकीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "ओमकार व्हॅननं जातोय ते समद्या गावाला ठावं हाय. गौरी ह्याच शाळेत शिकणार हाय. ते कुलूप तुमच्या मोटारीच्या खोलीला लावा."

मला रडू आलं आणि हसू पण. दोन्ही दाबलं, अध्यक्ष होते.

बा.रा. यांचा चेहरा मी पाहिला नाही. वेशीत व्हॅनचा हॉर्न वाजला. ओमकारला घेऊन ते निघून गेले. सभेत ठरलं, शाळा सुरू ठेवायची, शिक्षक मागत राहायचं, पुढची सभा पण इथेच. हात वर केले सगळ्यांनी. सुनंदाताईंनी पण.

आल्यावर हे म्हणाले, "आज जीप काढली असती तरी रिकामीच गेली असती." रागाने म्हणाले की कौतुकाने, कळलं नाही.

१८ सप्टें., गुरु.

सकाळी लवकर शाळेत. तीन दिवसांचे सर आले नाहीत. केंद्रप्रमुखांचा फोन लागत नाही. मॅडम आल्या, धुरपताबाईने पातेली घासायला काढली.

कुलूप गेटच्या कडीला उघडंच लटकत होतं. काल जाताना बा.रा. यांनी ते तिथेच अडकवलं, घरी नेलं नाही. विसरले की मुद्दाम ठेवलं, देव जाणे. मी पण काढलं नाही. किल्ली अजून गळ्यात आहे.

सुनंदाताई दिसल्या नाहीत. त्यांच्या घराचं दार लोटलेलं होतं. काल रात्री तिथे काय झालं असेल? कुणाला विचारू?

घंटा व्हायच्या जरा आधी गौरी आली. एकटी. वेणी अर्धीच घातलेली, दुसरी रिबीन मुठीत. मी तिला पुढ्यात बसवून वेणी घातली. विचारलं, "मम्मी काय करतीय गं?" ती कडीला लटकणाऱ्या कुलपाकडे बघत होती.

मग म्हणाली, "काकू, आज शाळा हाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

"आन उद्या?"

रिबीन घट्ट बांधली आणि तिला वर्गात पाठवलं.