उतारावरचा ब्रेक

प्रिय भाचीबाई,

तुझा निरोप मिळाला. सायकल विकून टाक, हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड कुणाला हवे असतील तर देऊन टाक. बस, एवढंच. आत्या जिवंत आहे की नाही, याची साधी चौकशीसुद्धा नाही. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण सायकलचा विषय निघाला की तुझ्याकडे नेमकं कुणीतरी दार वाजवतं, हे मला वर्षभरात चांगलं कळलंय. म्हणून हे पत्र लिहायला बसले. शेवटपर्यंत वाच. मधेच चिडशील, तेव्हा पाणी पी आणि पुढे वाच.

सायकल मी विकलेली नाही. उलट ती मीच चालवते आहे. हसू नकोस. तू पडलीस, खांद्याचं हाड आणि मनगट मोडून घेतलंस आणि प्लास्टर निघायच्या आतच जाहीर केलंस, की ब्रेक उशिरा दाबला, चूक माझीच, डोंगरातली सायकल हे माझं काम नव्हे. मग नोकरी धरून दुसऱ्या गावी गेलीस. तुझ्या बाबाला, म्हणजे माझ्या दादाला, ती सायकल घरात बघवेना, म्हणून त्याने ती आणून माझ्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत, फ्रेमच्या खोक्यांच्या आड उभी केली. रोज सकाळी खोकं काढताना तिचं हँडल माझ्या कमरेला लागायचं. एक दिवस वैतागून तिला हलवायला गेले आणि बाहेर काढल्यावर वाटलं, एवढं काय आहे हिच्यात, की ही पोरगी सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायची? एरवी तुला उठवायचं तर घर डोक्यावर घ्यावं लागायचं.

थंडीचे दिवस होते. तुझे हातमोजे घातले, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला आणि दुकानामागच्या गवताळ उतारावर गेले. सीटखालची ती कळ कशाची ते माहीत नव्हतं. दाबली, तर सीट भसकन खाली बसलं. पुन्हा दाबली, तर असं वर आलं, की कुठे लागलं ते पत्रात लिहिता येत नाही. तरी निघाले. उतारावर दोन्ही ब्रेक दाबले आणि सायकलने मला अजिबात जुमानलं नाही. हात दुखेपर्यंत दाबले. शेवटी झुडपानेच थांबवलं. ओरखडे सोडले तर काही झालं नाही, पण भीती काय असते ते त्या दिवशी कळलं.

सायकल ओढत तुमच्या त्या मिस्त्रीकडे नेली, ज्याला तुम्ही सगळे ‘पाना’ म्हणता. त्याने दोन्ही चाकं काढली, ब्रेकच्या छोट्या गाद्या बाहेर काढल्या, नाकाशी नेल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी दुधात मीठ घातलंय. गाद्या तेलाने चिंब होत्या. म्हणाला, दोन्ही चाकांच्या मधल्या पोलादी चकत्यांना कुणीतरी तेल घातलंय. ही चकती कोरडीच हवी, गाद्या तिलाच धरतात, तेल लागलं की धरणार कशा? मी म्हटलं, मी हात लावलेला नाही. त्याचा विश्वास बसला नाही. मलाही तेव्हा पुढे काही सुचलं नाही. नव्या गाद्या बसवून घेतल्या आणि घरी आले.

मग मात्र मी चिकटलेच. तुमच्या सायकलवाल्या टोळीतली ती नर्सबाई चष्मा दुरुस्त करायला आली होती, तिने पॅड बांधताना मला पकडलं आणि सुट्टीच्या दिवशी बरोबर नेलं. तिचा पहिला धडा काय, तर दगडाकडे पाहू नका, पाहिलंत की त्याच्यावरच जाल, जिथे जायचंय तिथे पाहा. मला हसूच फुटलं. जन्मभर मी लोकांना खुर्चीत बसवून कुठे पाहायचं ते सांगत आले आणि या वयात कुणीतरी मला ते शिकवायला लागलं. पण खरं सांगते, तिचं ऐकलं आणि सायकल सरळ गेली.

तुमची डोंगरातली वाट आता मला ऋतूंप्रमाणे ओळखता येते. थंडीत जमीन टणक, टायर कडक लागतात, बोटं बधिर झाली की ब्रेकची कळ हाताला जाणवत नाही, म्हणून थांबून हात काखेत धरायचे. उन्हाळ्यात सगळीकडे भुसभुशीत खडी, वळणावर चाक घसरतं, तेव्हा टायरमधली हवा थोडी कमी करायची आणि पाठीवर पाण्याची पिशवी घ्यायची. ती पिशवी मी पहिल्यांदा घेतली तेव्हा नळी तोंडात धरून इतकी गोंधळले, की निम्मं पाणी ब्लाउजमध्ये गेलं. पावसाळ्यात तर तुमची माणसं मला खूप आवडली. माती ओली असताना एकही जण सायकल नेत नाही, कारण ओल्या वाटेवर चाकांच्या खोल चऱ्या पडतात आणि वाट कायमची बिघडते. सायकली घरी ठेवून सगळे फावडी घेऊन जातात आणि पाणी वाटेबाहेर काढायला चर खणतात. मी दोन चर खणले आणि चार दिवस कंबर धरून दुकानात बसले. गिऱ्हाईक विचारायचं, काय झालं? मी ऐटीत सांगायचे, वाटेचं काम.

तुझी जागाही पाहिली. खूप लांबवर चढ, चढावर ब्रेकला हात लावायची वेळच येत नाही, आणि माथा ओलांडला की एकदम तो दगडी पायऱ्यांचा उतार. वर उभी राहून खाली पाहिलं आणि मला तुझा राग आला. इतक्या ठिकाणी पडलीस आणि आम्हाला म्हणालीस, जरा घसरले. तो उतार मी आजही सायकल हातात धरूनच उतरते. लाज वगैरे काही वाटत नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. पावसाळ्यात दादा नवा चष्मा करायला दुकानात आला. मी मागे भिंग घासत होते. सायकल मधेच उभी होती, नुकतीच चिखलातून धुऊन आणलेली. त्याने सहज मागचं चाक फिरवलं आणि ब्रेक दाबून पाहिला. ओली चकती जराशी कुरकुरली. आणि तुझा बाप, ज्याला घरात बिजागरीची कुरकुर खपत नाही, पंखा वाजला की रात्री उठून बसतो, तो मला सहज म्हणाला, तेल दे गं जरा, मागेही असंच वाजत होतं, शेवटच्या वेळी ती डोंगरात निघायच्या आधी सकाळीच मी घातलं होतं, तेव्हा कसं गप्प झालं होतं.

माझ्या हातातलं भिंग खाली पडलं. तोपर्यंत ते तेल आणि तुझं पडणं मी कधी जोडून पाहिलं नव्हतं, आणि आता ते जोडल्याशिवाय राहवलं नाही. त्याला खुर्चीत बसवलं, जिथे मी रोज लोकांना बसवते, आणि पानाने मला जे सांगितलं होतं ते शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं तो वाद घालेल. त्याने वाद घातला नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि एकच विचारलं, म्हणजे तिची चूक नव्हती? मी म्हटलं, नव्हती. तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसला. मोठा भाऊ रडताना पाहिला नव्हता मी. त्या दिवशी पाहिला, आणि मीही रडले.

रागावली आहेस ना? रागाव. मीही चिडले होते. पण तू निघायच्या आधी पहाटे उठून, तुला न सांगता, कापड घेऊन त्या सायकलशी बसणाऱ्या माणसाचं मन मला माहीत आहे. लहानपणी माझ्या शाळेच्या दप्तराच्या बक्कलालाही त्याने तेल घातलं होतं, सगळी पुस्तकं पिवळी झाली होती. त्याच्या काळच्या सायकलला ब्रेकचे रबराचे ठोकळे होते, त्याला ही नवी चकती कुणी शिकवलेली नव्हती. तेव्हापासून तो दर सुट्टीला पानाच्या दुकानात जाऊन बसतो. ब्रेकच्या गाद्या बदलायला शिकला, चकती कशाने पुसायची ते शिकला, तेल फक्त साखळीला आणि तेही थेंब थेंब, हे शिकला. पाना म्हणतो, इतका भित्रा आणि इतका नेटका शिकाऊ मी पाहिला नाही. परवा तुझी सायकल त्याने एकट्याने पूर्ण उघडून पुन्हा जोडली आणि त्या उतारावर, माझ्यादेखत, हातात धरून वरपासून खालपर्यंत ब्रेक दाबत नेली. प्रत्येक पायरीवर थांबली. खाली पोचल्यावर त्याने खिशातलं कापड काढलं आणि चकती पुन्हा एकदा पुसली.

तर हे पत्र मी का लिहिलं, ते ऐक. येत्या रविवारी सकाळच्या बसने तो तुझ्याकडे येतोय. बसच्या टपावर ती सायकल असेल. मला बजावून ठेवलंय, तिला काही सांगायचं नाही, मी माझ्या तोंडाने सांगणार. मी हो म्हटलं आणि घरी येऊन हे लिहायला बसले, कारण मी तुम्हा दोघांनाही ओळखते. अचानक ऐकलंस तर तुझ्या तोंडून एखादं असं वाक्य जाईल, की तो सायकल जिन्यातच टेकवून पुढच्या बसने परत येईल आणि पुन्हा कधी तो विषय काढणार नाही. म्हणून जे भांडायचं ते आज माझ्याशी भांड. दार लावून ओरड, भांडी आपट, मला फोन करून शिव्या घाल. रविवारी मात्र दार उघडशील तेव्हा तुला काहीच माहीत नाही, असं दाखव. तो आधी बसच्या गर्दीचं बोलेल, मग तुझ्या खोलीतल्या ओलीचं, मग माझ्या दुखऱ्या कमरेचं. त्याला घाई करू नकोस, त्याला बोलू दे. सायकल विकायची की चालवायची, ते तू तुझं ठरव, मी एका शब्दाने आग्रह करणार नाही. पण ठरवताना एवढं लक्षात ठेव, की तू वेळेवर ब्रेक दाबला होतास.

तुझीच,
सुट्टीच्या दिवशी दुकान उशिरा उघडणारी
आत्या