दीड ताऱ्याचा सूड

३ मार्च, सकाळी ८.१०
पेपरात माझ्या 'भरारी ३०००' या ट्रॅकची समीक्षा आली. अखेर! या आनंदात आजपासून रोजनिशी सुरू. फक्त स्वतःसाठी. आधी चहा, मग समीक्षा. मोठी माणसं घाई करत नाहीत.

८.२५
दीड तारा. पाचापैकी! एक 'त्या एका टाळीसाठी', अर्धा चार मिनिटांत संपतं म्हणून. जिमपासून गाड्या धुण्याच्या सेंटरपर्यंत सगळीकडे माझा ट्रॅक वाजतोय, आणि हा लिहितो, 'शब्द नसलेलं संगीतही बोलतं. हे नुसतंच वाजतं.'

८.४०
शांत आहे. मी खुनशी माणूस नाही.

८.४५
सूड घेणार.

४ मार्च
समीक्षकाचं नाव लिहून त्याला मोठं करणार नाही. या वहीत तो 'दीडशहाणा'. टाळी मात्र कळली गाढवाला. एक मिनिट बारा सेकंदांना सगळं थांबतं आणि एकच कोरडी टाळी पडते. तीन आठवडे विचार केला होता त्यावर. हे मोठ्याने म्हणालो तेव्हा बायको आतून काहीतरी बोलली. ऐकू आलं नाही.

७ मार्च
संपादकांना पत्र. अकरा पानं. मेहुण्याला त्याच्या जिममध्ये जाऊन वाचून दाखवलं. सहाव्या पानाला तो ट्रेडमिलवर चढला. म्हणाला, भाऊजी, लोक तुमच्या गाण्यावर घाम गाळतात, आणखी काय पाहिजे? त्याला काय कळणार! त्या माणसाने, त्याच पेपरात, मला कलावंत म्हणायला पाहिजे. नाहीतर त्याची खैर नाही.

१५ मार्च
पत्र छापून आलं. जागेअभावी संक्षिप्त. 'महोदय, आपली समीक्षा वाचली. आपला नम्र.' बायको म्हणाली, कधी नव्हे ते मुद्देसूद लिहिलंस.

१६ मार्च
नवा बेत. जालीम. त्याच्या जुन्या चाळीस समीक्षा वाचून काढल्या. ज्याचा त्याला कंटाळा येतो त्याला तो 'खोल' म्हणतो. म्हणजे खोट्या नावाने काहीतरी महाकंटाळवाणं पाठवायचं. तो चार तारे देणार. मग मी चारचौघांत सांगणार, अहो, हा आमच्या घरचा फ्रीज! तोंड लपवायला जागा उरणार नाही त्याला.

१८ मार्च, दुपार
रेकॉर्डिंग. फ्रीज मध्येमध्ये गप्प बसतो, म्हणून दार उघडं ठेवलं. मग बिचारा सलग घुंघुं करतो. माईक चालू करून बेत सांगायला मेहुण्याकडे गेलो. परत आलो तर दूध नासलेलं, लोणी ओट्यावर ओघळलेलं, बायको घरी आलेली. मी जीव मुठीत धरून उभा. पण एक शब्द बोलली नाही. समजूतदार आहे.

१९ मार्च
पहिली एकोणीस मिनिटं कापली, 'थंड एकांत' नाव दिलं, पाठवली. ऐकून पाहिली नाहीत. फ्रीज काय ऐकायचा? माझा नंबर सगळ्या क्षेत्राला ठाऊक, म्हणून संपर्कासाठी बायकोचा दिला. माझ्यासारखं बारकाईने कोण करतं?

२ एप्रिल
अजून समीक्षा नाही. भांडाफोडीचं भाषण आरशासमोर सात वेळा म्हटलं. दीडशहाणा हात जोडतो तिथे मी मोठ्या मनाने मान डोलावतो. बायको दोनदा काही सांगायला आली. हाताने थांबवलं.

९ एप्रिल, सकाळी ७.५०
साडेचार तारे!! फसला! मासा गळाला! मेहुण्याला फोन केला. उद्या दुपारी जिममध्ये पत्रकार परिषद. समीक्षा नीट वाचून घेतो, भाषणात वाक्यं घालायला.

८.०५
'मागची घुंघुं सामान्य, थेट भरारी ३००० छापाची. पण चौथ्या मिनिटाला एक बाई घरात येते आणि सगळं बोलू लागतं.'

पुढे हिचं बोलणं. शब्दन् शब्द. दूध गेलं. लोणी गेलं. मग फ्रीजलाच विचारते, तूच सांग बाबा, या माणसाचं मी काय करू? त्या गाण्यातली टाळीसुद्धा माझी. मी डास मारला, याचा माईक चालू राहिला होता. आणि हा जगाला सांगत सुटलाय, तीन आठवडे विचार केला म्हणून!

शेवट: 'राग, ठेका, विसावा, सगळं जागच्या जागी. मागे मी एका टाळीला एक तारा दिला होता. तो या बाईंना पोचावा. भरारी ३०००कडे अर्धा उरतो.'

८.३०
बायकोला जाब विचारला. दीडशहाण्याचा फोन तिला आठवड्यापूर्वीच आला होता. म्हणे किती अदबीने बोलतात. मला का नाही सांगितलंस? म्हणाली, सांगायला आले होते, तू आरशाशी बोलत होतास.

१० एप्रिल
पत्रकार परिषद रद्द. तसंही कुणी येणार नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण सूड सोडलेला नाही. फक्त स्वरूप ठरायचंय.

२० एप्रिल
बायकोला मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रमासाठी बोलावलंय. सोबत फ्रीजलाही. मीही जाणार. शत्रूला जवळून पाहता येईल. शिवाय वायर कुणीतरी धरायला हवी.

३ मे, संध्याकाळ
हॉल भरलेला. दीडशहाणा पहिल्या रांगेत. बायको वीस मिनिटं फ्रीजशी बोलली. बहुतेक माझ्याबद्दलच. लोक हसले, मग हसायचे थांबले. शेवटी तिने एकच टाळी वाजवली. आज पहिल्यांदा ती नीट ऐकली. चांगली आहे. फार चांगली आहे. मला असलं काही या जन्मात सुचलं नसतं. सगळे उभे राहिले. मीही राहिलो. वायर सुटली.

नंतर दीडशहाणा स्टेजवर आला. थेट माझ्याकडे. मी भाषणाचा कागद काढला. त्याने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, फ्रीजचं तुम्ही बघता ना? मी हो म्हणालो. म्हणाला, दार उघडं राहिलंय.

लावलं.