उजेड न देणारी लाईट

चौक, ता. खालापूर
३ जानेवारी १९७९

गंगूच्या बाबांना पारूचा सप्रेम जयभीम.

आम्ही सगळी बरी आहोत. आईंचा खोकला उतरला. गंगूला दात येतायत, हाताला लागेल ते चावते. थंडी यंदा चांगलीच पडली आहे. कोंबडीच्या पिल्लांच्या खोलीत मात्र ऊब आहे, आणि पत्र त्या उबेबद्दलच आहे.

लाईटचं बिल बघून तुम्ही म्हणालात, लाईट कमी करा, पुढचंही असंच आलं तर पोल्ट्री बंद करून सगळ्यांनी कुर्ल्याला भाऊजींच्या खोलीवर जायचं. मग तुम्ही एकटेच निघून गेलात. जाताना दारापुढच्या ओट्यावरचा बल्ब काढून माळ्यावर ठेवलात. तेव्हापासून आई घरातलाही बल्ब लावू देत नाहीत, आम्ही चिमणीच्या उजेडात जेवतो. पिल्लांचा हीटर तेवढा चालू. मी म्हटलं, आई, लाईट तो पण खातो. तर म्हणाल्या, "ज्याचा उजेड नाय पडत, त्याला लाईट कशी लागंल गं?"

मला हसू आलं, पण कोण किती खातं ते मलाही नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून मीटरखाली स्टूल टाकून बसले. आत एक चकती फिरते, तिच्यावर लाल खूण आहे. सगळं बंद केलं तेव्हा चकती थांबली. नुसता बल्ब लावला तर खूण पुन्हा समोर यायला इतका वेळ लागला की मधे गंगूला झोपवून आले. हीटर लावला आणि खूण धावतच सुटली. आईंना बोलावून दाखवलं. त्या चकतीकडे बोट करून म्हणाल्या, "हा तर चोरून खातोय."

मीटर बघायला वीज बोर्डाचा माणूस आला तेव्हा त्याला हीटरची पाटी दाखवली. एक तास चालला की एक युनिट, असं तो म्हणाला. मी रात्रंदिवसाचा गुणाकार केला आणि घाबरले. त्या हिशोबानं पिल्लांचा सगळा फायदा हीटरच खाणार होता. तुमचंच खरं, असं लिहायला बसलेही होते. पण बिलावरचे युनिट त्याच्या निम्मेसुद्धा नव्हते. मग हीटर उरलेला वेळ करतो काय?

दुपारभर पिल्लांजवळ बसले तेव्हा कळलं. टक् असा बारीक आवाज येतो आणि हीटर आपला आपण बंद होतो. खोली गार झाली की पुन्हा टक्. मग मी खिडक्यांना गोणपाट लावलं, तर पहिला टक् लवकर यायला लागला आणि दुसरा उशिरा. पिल्लं मोठी होतील तसा तो आणखी कमी लागेल. कोळशापेक्षा खर्च थोडा जास्तच आहे, खोटं लिहीत नाही. पण शेगडीच्या धुरानं मागच्या वर्षी गेलेली पिल्लं धरली तर कोळसाच महाग पडतो.

तेव्हा पोल्ट्री चालू राहील. मी कुर्ल्याला येणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं, पण धीर होईना. तुमचा राग आला होता, अजून थोडा आहे. मला न सांगता पहाटेच्या गाडीनं गेलात, त्याचा. पण संध्याकाळची एसटी नाक्यावर थांबली की आई आणि मी दोघी दाराकडे बघतो.

ओट्यावरचा बल्ब मी माळ्यावरून काढून परत लावला आहे. रात्रभर जळतो. आई रागावल्या, तेव्हा त्यांना सांगितलं की बल्ब रात्रभरात खातो तेवढं हीटर अर्ध्या तासात खातो. काल मी विसरले, तर बटण त्यांनीच दाबलं.

तुम्ही उशिराच्या एसटीनं आलात तरी पायरी दिसेल.

वाट बघणारी,
पारू