आत्याबाईंचा रुसवा

मंगळवार, ९ फेब्रुवारी, सकाळचे सव्वासात. गमबूट औषधाच्या पाण्यात भिजत घातलेत, तेवढ्यात लिहून घेतो.

प्रिय ताई,

तुझ्या तीन निरोपांना उत्तर दिलं नाही, रागावली असशील. मी धडधाकट आहे, हे आधी सांगतो. हात दोनदा धुऊन मगच कागदाला लावलाय.

आमच्या पक्ष्यांच्या दवाखान्यातली पंख मोडलेली गरुडीण तुला ठाऊक आहेच. राग सदा नाकावर, म्हणून मी तिला आत्याबाई म्हणतो. (आपल्या आत्याला सांगू नकोस.) तळ्यावर मेलेलं रानबदक सापडलं की राखणदारकाका ते तिच्यासाठी आणतात, ही इथली जुनी पद्धत. गेल्या आठवड्यात सोमवारीही आणलं, मीच भरवलं. गुरुवारी तळ्याकाठी बदकांचा सडा पडला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बर्ड फ्लू असावा. असलं बदक खाऊन गरुडही जातो.

आत्याबाईंना वेगळ्या खोलीत हलवलं, घशातला नमुना तपासायला पाठवला. मला डोकंही झाकणारा पांढरा अंगरखा, चष्मा, मुखपट्टी. आरशात बघून मीच विचारणार होतो, कोण पाहिजे? त्याच दिवशी आत्याबाईंनी अन्न सोडलं. आजाराचं पहिलं लक्षण तेच. काका दाराबाहेर बसून म्हणत राहिले, मीच घात केला रे. मी पिंजरा तिसऱ्यांदा घासायला घेतला तेव्हा डॉक्टरीणबाई ओरडल्या, अरे, भोक पाडशील त्याला!

रविवारी डोक्यात उजेड पडला. आत्याबाई मला रोज बघतात ते तू विणलेल्या पिवळ्या टोपीत. ती अंगरख्यावरून चढवली आणि आत गेलो. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं, माझ्यावर खच्चून ओरडल्या आणि दोन उंदीर गट्टम केले. आजार नव्हता गं, परक्या माणसाच्या हातचं नको होतं! काल अहवाल आला, नमुना स्वच्छ. काकांनी सगळ्यांना चहा पाजला, मला दोनदा. बदकांचं अजून कळायचंय, तोवर तुझ्या कोंबड्या कोंडूनच ठेव.

आता तू मागितलेला टोपीतला फोटो का पाठवत नाही, ते सांगतो. त्या खोलीत गेलेलं कापड बाहेर येत नाही, जाळतात. चढवताना मला ते माहीत होतं. बाळाच्या वेळी पडून राहून विणलेली तुझी टोपी, म्हणून लिहायला धीर होईना. तशीच एक विणशील? आत्याबाई जुन्या पिंजऱ्यात परतल्यात, तिथे काही जाळत नाहीत, पण अंगरखा अजून सक्तीचा. सध्या डोक्याला पिवळं फडकं बांधतो. आत्याबाई जेवतात, पण तोंड वाकडं करून.

तुझाच,
धाकटा

लोकरीचे दीडशे सोबत. टपालखर्चाचे पंधरा माझे मी भरले. देणं: जुनी टोपी. ते फिटायचं नाही.