आजीच्या मागावरची तलवार

मी, दोमितिला कायुपान, वय ऐंशीच्या पुढे, धंदा मेंढ्या व विणकाम, राहणार काळा ओढा, चुबूत प्रांत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय सांगत आहे आणि एलियास दुकानदार ते लिहून घेत आहेत. माझी बुद्धी शाबूत आहे. गोंधळ आहे, पण मामलाच तसा आहे.

कलम १. मेंढ्या मुलगा एलेउतेरियो याला. लंगडी म्हातारी मेंढी विकू नये. चहाची किटली शेजारीण त्रान्सितोला. तशी ती तिचीच आहे, पण आता मी दिली असं तिने म्हणावं.

कलम २. हे पणतवंडांसाठी, सुयाय आणि अनीबालसाठी. शाळेत बाईंनी शिकवलं की सैन्याने ओसाड वाळवंट जिंकलं. सुयायने घरी येऊन विचारलं, "पणजी, ओसाड होतं तर लढले कुणाशी?"

बाळांनो, ओसाड नव्हतं. माझी आजी लियान्का तुमच्याएवढी असताना याच ओढ्यावर मेंढरं राखत होती. सरकारला ही जमीन मोठ्या मेंढीवाल्यांना द्यायची होती, म्हणून घोड्यांवरून शिपाई आले, बंदुका घेऊन. त्यांनी घरं जाळली आणि माणसांना पायी नदीपर्यंत हाकत नेलं. वाटेत जो बसला तो तिथेच राहिला. पोरं शहरात घरोघर कामाला वाटून टाकली, त्यात आजीही. मोठी झाल्यावर तिने सातुर्निनोशी संसार केला. तो त्याच मोहिमेतला शिपाई. का केला, ते मला आजवर कळलेलं नाही. विचारलं की एवढंच म्हणायची, "त्याला परतीची वाट माहीत होती." दोघं इथे येऊन राहिले.

"मग आपण कोणाचे?" असं अनीबाल विचारतो. दोघांचे, असं मी सांगते, आणि मलाच ते पटत नाही.

कलम ३. सातुर्निनोची तलवार. आजीने ती ओढ्याच्या दगडावर घासून बोथट केली आणि मागावर घेतली. ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, सरकवायची आणि आडवा धागा ठोकून बसवायचा. आईनेही तेच केलं, मीही.

आता कचेरी म्हणते, जमीन सरकारी आहे, आम्हाला नुसती राहायची परवानगी. शहरातला वकील म्हणाला, मोहिमेतल्या शिपायांना सरकारने जमिनी कबूल केल्या होत्या, तर शिपायाचे वारस म्हणून अर्ज करा, तलवार पुराव्याला आणा, कागद होईल. एलेउतेरियो हरखला. "आई, कागद मिळतोय ना, मग कुणाच्या का नावाने असेना." त्याचंही खोटं नाही. उद्या कोणी कुंपण घातलं तर पोरं जातील कुठे?

मग त्याने मला न सांगता तलवार शहरात नेली, धार लावून आणली आणि पुन्हा खुंटीला अडकवली. मी सवयीने ती मागात घातली. अनीबालच्या अंगावर घालायचा लोकरी पोंचो अर्ध्यावर आला होता. उभे धागे सटासट तुटले. मी आधी रडले, मग पोराला शिव्या घातल्या. तो खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, धार नसेल तर तिला तलवार कोण म्हणेल?"

म्हणून सांगते. एलेउतेरियोने स्वतः ओढ्यावर बसून ती धार मोडावी, मगच मेंढ्यांना हात लावावा. तलवार सुयायला, मागासाठी. अनीबालला शाळेच्या कार्यक्रमात शिपाई केलंय. होऊ दे, पण अंगावर तो तुटक्या धाग्यांचा अर्धा पोंचो घालून जावं.

कलम ४. जमीन. माझी नाही म्हणतात, तरी ती मी दोन्ही पणतवंडांना देते. शिपायाच्या नावाने अर्ज करू नये. करायचाच तर लियान्काच्या नावाने करावा. माझं चुकतही असेल, पोरांनो. फार भीती वाटते.

एलियास लेखणी थांबवून म्हणतात, "काकू, पण लियान्काकडे कसलाच कागद नव्हता."

नव्हता. तरी तिला इथून हलवायला सैन्य आणावं लागलं. लिहा तसं.

वाचून दाखवलं, ऐकलं, मान्य आहे.

सही: दोमितिला कायुपान, लियान्काची नात

साक्षीदार: एलियास हद्दाद, दुकानदार
साक्षीदार: त्रान्सितो नाउएल्पान, शेजारीण (किटली मिळाली)

काळा ओढा, ९ ऑक्टोबर १९८७