अर्धा घासलेला देव

मुक्काम उचगाव, इलाखा करवीर
फाल्गुन शुद्ध द्वादशी, शके १८२६

राजमान्य राजेश्री हंबीरराव पागेदार, मुक्काम मुदनकट्टी, यांस उचगावच्या आकारामाचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात जोडता येतात, म्हणजे ते सध्या मोकळे आहेत. ही तुमच्या जामिनाची कृपा.)

पावणं, इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. गुऱ्हाळ चालू आहे, म्हैस व्याली, आमचा जोतीराम आणि तुमची शालू सुखात आहेत. मी तेवढा सुखात नाही. तुमचा गुडघा कसा आहे, तो लेप लावता का, धन्याच्या खासगी पागेतली घोडी बरी आहेत का, ते कळवावं. विहीणबाई तुमच्याशी बोलत नाहीत असं गुंडू गाडीवान सांगत होता. (देवघरातलं काहीतरी हरवलंय, आणि तुम्हीच ते घासायला काढून कुठंतरी विसरलात, असं त्यांचं म्हणणं आहे म्हणे.) घासायला काढलेल्या वस्तूंनी आपल्या दोन्ही घरांच्या मागं लागायचं ठरवलेलं दिसतंय, दुसरं काय म्हणू.

तर रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मला तुमच्या संस्थानच्या फौजदारी कोर्टात देव चोरल्याबद्दल उभं राहायचंय. नऊ दिवस राहिले. मी रोज सकाळी मोजतो आणि रोज एक कमीच भरतो. चावडीत मी चार दिवस होतो तेव्हा तुम्ही भेटायला आलात, पण मध्ये शिपाई उभा आणि तुमची मान खाली. त्यामुळं झालं काय ते तुम्हाला धड कुणी सांगितलंच नाही. गावात सांगतात ती हकीकत खरी मानू नका. (मी पालखी पळवली, हे तर साफ खोटं आहे. पालखी जागेवर होती.)

आमच्या भावकीत एक रीत आहे. लग्न लागलं, वऱ्हाड परत निघालं, की नवऱ्याच्या बापानं नवरीच्या घरचा एक देव चोरून आणायचा. चोरून म्हणजे काय, नवरीकडची मंडळीच एखादा लहानसा देव हळदकुंकू लावून दाराजवळ पाटावर ठेवतात आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवतात. आपण तो उचलायचा. वाटेत कुणी विचारलं तर छाती काढून सांगायचं, चोरलाय. दिला म्हटलं तर ती भीक, आणला म्हटलं तर तो बाजार. चोरला म्हटलं तरच देव नव्या घरात रमतो आणि त्याच्यामागनं सूनही रमते. मग चैत्रात नवरीच्या बापानं चोर धरायला यायचं, पुरणपोळी खायची, धोतरजोडी घ्यायची आणि चोराला माफ करून परत जायचं. माझ्या सासऱ्यानं माझ्या बापाला असंच धरलं होतं, नऊ पोळ्या खाल्ल्या होत्या. मला वाटलं ही रीत सगळ्या मुलखात असणार. तुमच्याकडं ती नाही, हे मला तुमच्या फौजदारानं सांगितलं, आणि तेही उशिरा.

निघायच्या दिवशी सकाळी मी तुमच्या घरात तीन वेळा फिरलो, ते तुम्हाला आठवत असेल. (मी तंबाखूची चंची हुडकत होतो असं तुम्हाला सांगितलं. ती कमरेलाच होती.) पाटावर देव कुठं दिसेना. म्हटलं, पावणं पागेकडचे, शिस्तीचे. घरात गर्दी म्हणून जरा बाहेर ठेवला असेल. मागच्या दारानं बाहेर पडलो, भिंतीतल्या दिंडीतनं पलीकडं गेलो, तर विहिरीशेजारच्या कट्ट्यावर, पाटावर, केळीच्या पानावर देव. वीतभर नव्हे, चांगला हातभर. आसपास चिटपाखरू नाही. अर्धं अंग चिंचेनं घासून लखलखीत, अर्धं काळं. आता तुम्हीच सांगा, माणसाला काय वाटावं? मला वाटलं, व्याह्यांनी देव नुसता ठेवला नाही, घासायलाही घेतला, आणि मी येतोय बघून अर्ध्यावर सोडून लाजून आत गेले. उचलला तर सात-आठ शेर वजन. माझे डोळे भरून आले. म्हटलं, आमच्या बापजन्मात असा दिलदार व्याही बघितला नाही. (तो तुमच्या संस्थानच्या पालखीचा देव होता, आणि पुजारी आणखी चिंच आणायला गेला होता, हे पुढं पंचनाम्यात निघालं.)

देव गुंडाळायला दुसरं काही नव्हतं म्हणून डोक्याचा फेटा सोडला. त्यामुळं निरोप घ्यायला मी बोडका उभा राहिलो आणि तुम्हाला वाटलं मानपानात काही कमी पडलं. विहीणबाईंनी घाईघाईनं दुसरा फेटा आणून बांधला, तो अजून माझ्याकडं आहे. चोरीच्या मालात तो धरू नये ही विनंती.

गाडीत कडब्याखाली देव ठेवला आणि मी वर बसलो. मनातनं एवढा आनंद झाला होता की तुमच्या हद्दीच्या नाक्यावर शिपायानं कडबा उचकला तेव्हा मीच पुढं होऊन फेट्याचं टोक बाजूला केलं. शिपाई बघतच राहिला. म्हणाला, हे काय? मी छाती काढून सांगितलं,

"चोरलाय की."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. भला माणूस होता, पावणं, त्यानं मला वाट करून दिली होती. म्हणाला, नवस फेडायला नेत असाल, पुजाऱ्यानं दिला असेल. मी म्हटलं, छे, दिलेला कशाला घेऊ, आम्ही काय भिकारी हाय? मग त्यानं नाईकाला बोलावलं. नाईकापुढंही मी तेच सांगितलं. तेवढ्यात गावाकडनं दोन स्वार धुरळा उडवत आले. मला वाटलं, तुमच्याकडं चोर धरायची रीत चैत्राऐवजी लगेच उरकतात, आणि स्वार म्हणजे तुमच्या पागेतला थाट. त्यांच्यापुढं तिसऱ्यांदा सांगितलं आणि वर विचारलं, पोळ्या कुठं आहेत. पंचनाम्यात लिहिलंय की आरोपीनं हसत हसत तीन वेळा कबुली दिली आणि जेवणाची मागणी केली. त्यातलं एक अक्षर मला खोटं म्हणता येत नाही.

आता तो देव मुद्देमाल म्हणून कचेरीत आहे. त्याला लाख लावून सील केलंय, त्यामुळं उरलेला अर्धा घासता येत नाही. त्या संध्याकाळी पालखीत नुसता नारळ फिरला, आणि पुढच्या पालखीलाही नारळच फिरणार. पूजा मात्र कचेरीतच होते, म्हणून फौजदारांना स्वतःच्या खोलीत जोडे काढून बसावं लागतं आणि तंबाखू खाता येत नाही. ते माझ्याकडं ज्या नजरेनं बघायचे त्यात मला सहा महिने स्पष्ट दिसत होते.

सहा महिने हा आकडा माझा नव्हे, कोल्हापुरातल्या वकिलांचा. त्यांनी पंचनामा दोनदा वाचला, तपकीर ओढली आणि उसाचं पुढं कोण बघणार ते विचारलं. मी म्हटलं, आपल्या करवीरच्या सरकारांच्या दरबारात अर्ज करू. ते म्हणाले, परमुलखात तीन वेळा कबूल केलेल्या चोरीसाठी दरबारापुढं जायचं असेल तर दुसरा वकील बघा. काल वाटेवर घोड्याच्या टापा ऐकल्या आणि मी गुऱ्हाळातल्या चिपाडाच्या ढिगामागं जाऊन बसलो. घोड्यावर तलाठी होता, उसाची पाहणी करायला आलेला. बाहेर कसा येऊ, म्हणून मला तिथं बराच वेळ चिपाडं मोजावी लागली. भीती वाटते, पावणं. माझं वय बावन्न. खडी फोडायला लावली तर मला हातोडा पेलेल, पण लोक बघतील ते पेलायचं नाही.

घरी तर आणखीनच. आमची थोरली चुलती बायडाबाई म्हणते, देव आला नाही, म्हणजे लग्न अर्धंच झालं. आमची मंडळी झुंबरबाई नुसती देवघरासमोर जागा सारवून ठेवते. शालू सगळं ऐकते आणि चुलीपुढं खाली मान घालून बसते. तिच्या डोळ्याला डोळा भिडवायचा मला धीर होत नाही. सासऱ्यानं तिच्या माहेरच्या गावचा देव पळवला, हा तिचा नव्या घरातला पहिला अनुभव.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असल्यास पोटात घालावं. घोड्यांना माझा नमस्कार सांगावा असं लिहिणार होतो, पण त्या दोन स्वारांची घोडी वगळून सांगावा.

आपला,
आकाराम

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली, कारण लाज वाटत होती. मी तारखेला यायचंच नाही असं ठरवलं होतं. गुंडूनं गाडीही जुंपायची तयारी दाखवली होती, उलट्या दिशेला, मुरगूडकडं, तिथं आमची मावसबहीण धोंडुबाई असते. मग आठवलं की जामीन तुम्ही आहात. मी नाही आलो तर तुमचं घर आणि पागेतली नोकरी दोन्ही जाणार. म्हणून येतो.

पुन्हा ता. क. एवढं लांबलचक पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो. वकील म्हणतात, सुटायची एकच वाट आहे. तुम्ही कोर्टात साक्ष द्यायची की ही रीत तुम्हालाही ठाऊक होती, तुम्ही आमच्यासाठी देव बाहेर ठेवणार होता, आणि मी तो समजून भलताच उचलला. हे खोटं आहे. ते खोटं तुमच्या धन्याच्या कोर्टात बोलायचं आहे, हेही मला कळतं. तरी मागतो. झुंबरबाईनं कुणापुढं कधी पदर पसरला नाही, तिच्या वतीनं मी पसरतो.

शेवटचा ता. क. वरची विनंती मागं घेतो. खोडायला गेलो तर कागद फाटेल, म्हणून तशीच राहू दिली आहे, ती वाचली नाही असं समजा.

झालं असं, की पत्र बंद करण्याआधी घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. साक्षीपर्यंत आलो तशी शालू उठली, आपल्या पेटीतनं एक गाठोडं आणलं आणि माझ्यापुढं सोडलं. आत तुमच्या देवघरातला जोतिबाचा टाक. निघायच्या दिवशी पहाटेच तिनं तो उचलला होता. तिला आमच्या रीतीची काही कल्पना नव्हती. परक्या घरात आपलं ओळखीचं कुणीतरी असावं, एवढंच. मग मला चोरीसाठी धरलं, आणि भीतीनं तिला तो ना दाखवता येईना, ना परत धाडता येईना. इतके दिवस ती त्या पेटीवर डोकं ठेवून निजत होती. मला म्हणाली,

"मामंजी, मला बी धरून न्हेतील व्हय?"

बायडाबाई काठी टेकत पुढं आली आणि रीतीप्रमाणं विचारलं, देव कुठनं आणलास गं. शालू रडत रडत म्हणाली, चोरलाय. झुंबरबाईनं टाक सारवलेल्या जागेवर ठेवला, साखर ठेवली. रीत माझ्या आधीच पुरी झाली होती, पावणं. माझी चोरी फुकट गेली.

वकिलांना हे कळलं तर नाचतील, कारण तुमच्या घरचा देव खरंच आमच्याकडं आला, रीतीचा असा पुरावा त्यांना शोधून मिळायचा नाही. पण कोर्टात एक प्रश्न दुसऱ्याला ओढून आणतो, आणि तुम्ही साक्षीला उभे राहिलात की तुमच्या देवघरापर्यंत यायला त्यांना वेळ लागायचा नाही. पोरीचं नाव तिथं निघता कामा नये. मी एकटा येतो, होईल ते होईल. विहीणबाईंना तेवढं सांगा की टाक तुम्ही विसरला नव्हता, म्हणजे त्या बोलायला लागतील.

चैत्रात चोर धरायला मात्र या. मी घरी असलो तर पोळ्या मी वाढीन. नसलो तर चोर स्वतः वाढंल.