पोपट खालच्या बाजूला असलेल्या गोधडीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पूर्वी घरोघरी विजेचे मीटर वाचणे व सध्या गोधडी शिवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण डोके ठणठणीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मांडीवर गोधडीचा भार आहे, पण तो दडपणात धरत नाहीत, असे मी विचारल्यावर वकीलबाईंनी सांगितले.

१. माझे दोन खोल्यांचे घर आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावे. घर घेताना तिने एक गोष्ट लक्षात घ्यावी. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या दारात शिलाई मशीन आहे. गोधडी चौदा फूट लांब असल्याने ती एका खोलीत मावत नाही. शिवायचा भाग हॉलमध्ये आणि शिवून झालेला स्वयंपाकघरात, अशी तिची सोय केली आहे. त्यामुळे ते दार तीन वर्षे बंद आहे. मी हॉलमधून बाहेर पडून, गॅलरीतून वळसा घालून, मागच्या दाराने स्वयंपाकघरात जातो. पावसात छत्री घेतो. दूध उतू गेल्याचा वास मला वेळेवर येतो, पण मी पोचेपर्यंत दुधाने आपला निर्णय घेतलेला असतो.

२. गोधडी एवढी का वाढली याचा खुलासा. मी निवृत्त झालो तेव्हा प्रत्येकाने मला कापड दिले. ऑफिसातून नऊ पँटपीस मिळाले, नऊही तपकिरी. मी जन्मभर लेंगा घातला हे त्यांतल्या एकालाही दिसले नव्हते. कापडे पडून राहिली, तेव्हा मी जुने मशीन घेतले आणि त्याच्यासोबतच्या पुस्तकातली चित्रे पाहून शिवायला शिकलो. मजकूर मला न येणाऱ्या भाषेत होता, ते बरेच झाले. कोणाचे कापड वगळले तर तो खट्टू होणार, म्हणून सगळी घेतली. मग बातमी पसरली आणि ज्यांनी काही दिले नव्हते तेही तुकडे घेऊन जिना चढू लागले. नाही म्हणणे मला कधीच जमले नाही.

३. माझी मीटर वाचायची विजेरी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना. (दुरुस्ती : डॉक्टर या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. म्हणून विजेरी आजच हातात दिली. ती त्यांनी लगेच माझ्या तोंडात मारून पाहिली.) कापडाची कात्री मात्र त्यांना कधीही देऊ नये. तिने कॅलेंडर कोणी कापले ते त्यांना ठाऊक आहे.

४. डॉक्टरांचे उपकारही नोंदवतो. एवढी गोधडी मशीनखालून जाताना पलीकडे कोणीतरी टोक धरावे लागते. ते स्वयंपाकघरात उभे राहून ओरडत, "मीटरवाले, ओढू का?"

"ओढू नका हो! नुसतं धरा!"

"मग मी इथे कशाला?"

सवयीने ते ओढतातच. सतरा सुया मोडल्या. एकदा तर माझा अंगातला सदराच गोधडीत शिवला गेला आणि दुपारभर मी मशीनला जोडलेला होतो. शेवटी त्यांनी दात काढायच्या हत्याराने मला सोडवले. सदऱ्याचा खिसा अजून गोधडीवर आहे. चष्मा ठेवायला बरा पडतो. हे मृत्युपत्रही त्यातच ठेवणार आहे.

५. आता मुख्य मुद्दा. गोधडी आणि मशीन, दोन्ही माझ्या धाकट्या बहिणीला.

तिने मला पोपटांच्या चित्रांचे मोठे कापड पडद्यांसाठी दिले होते. मी ते गोधडीच्या अस्तराला लावले. चार वर्षांपूर्वी, शिवण सुरू करायच्या आधी, सगळे जमिनीवर मांडले होते तेव्हा ती आली.

"दादा, माझे पोपट कुठायत?"

"खाली. उलट्या बाजूला."

"त्या दातवाल्याचा जुना शर्ट वर, मधोमध, आणि सख्ख्या बहिणीचे पोपट जमिनीला तोंड लावून?"

"कापडाचे तर आहेत. त्यांना काय कळतंय!"

ती जी गेली ती आली नाही. खरे उत्तर मला नंतर सापडले. वरच्या बाजूला चाळीस तुकडे आहेत. त्यातला कुठलाही काढला तर फार तर भोक पडेल. अस्तर मात्र एकच आणि सलग आहे. ते काढले तर बाकी सगळ्यांची चिंधी होईल. एवढे मोठे कापड मला आयुष्यात फक्त तिनेच दिले. हे त्याच दिवशी जिन्यावरून ओरडून सांगायला हवे होते.

गोधडीच्या अजून ~~अकरा~~ चौदा टिपा बाकी आहेत. माझा हात थरथरतो, टीप नागमोडी जाते. लहानपणी चादरींच्या घड्या घालताना दुसरे टोक तीच धरायची. तिला ओढ किंवा सोड असे कधी सांगावे लागले नाही. तिने गोधडी नाकारली, तर पोपट उसवून तिला परत करावेत. वरच्या चाळीस जणांनी मग आपापले बघावे.

६. हे कलम ऐनवेळी घातले आहे. दुसरा साक्षीदार म्हणून मी भाचीकरवी धाकटीलाच बोलावले होते. दुसरे निमित्त सुचले नाही. कलम तीनमधला कायदा तिलाही लागू होतो, हे माझ्या डोक्यातच आले नाही. ती आत्ता आली. चष्मा लावून उभ्यानेच सगळे वाचले. पाचवे कलम दोनदा वाचले. मग गोधडीची कड उचलून खाली वाकून पाहिले.

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, सही केलीत तर गोधडी मिळणार नाही. काय ते ठरवा."

धाकटीने पेन हातात घेतले. डॉक्टरांनी विजेरी बंद केली.

"दादा, अकरा कुठे? चौदा आहेत चांगल्या! आयुष्यभर मीटर कसे वाचलेस रे तू?"

एवढे बोलून तिने पेनाला टोपण लावले. "सही दुसऱ्या कुणाची तरी घ्या," म्हणाली आणि गॅलरीतून वळसा घालून पलीकडे गेली.

त्यानुसार पाचव्या कलमातला आकडा दुरुस्त केला आहे.

साक्षीदार :
१. दातांचे डॉक्टर, खालचा मजला (सही)
२. ~~धाकटी बहीण~~ सही करण्यास नकार. कारण : गोधडी हवी आहे. तिच्याऐवजी वकीलबाई (सही)

ठिकाण : मशीनचे टेबल, स्वयंपाकघराचे दार
दिनांक : चौदा मार्च, सकाळी सव्वाअकरा

मृत्युपत्र करणार : (सही)

माझी सही शेवटी वेडीवाकडी झाली आहे. त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. मी ती करत असतानाच पलीकडून गोधडी अलगद पुढे सरकू लागली.